कुमुद काकूंची सही राहिली

स्मिताताई, विवेकदादा, आणि जमलेल्या सगळ्या काका, काकू, मावशी, मित्रमंडळी,

माइक हातात घेतलाय खरा, पण मला बोलायची सवय नाही. ऑफिसमध्ये मी टेस्टिंग करतो, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो आणि मेलने कळवतो. तोंड उघडावं लागत नाही. आज उघडावं लागतंय. एवढी माणसं आली आहेत. पार्सिपनीहून आली आहेत, वेस्ट विंडसरहून आली आहेत. मागे काहीजण उभे आहेत, त्यांना खुर्च्या मिळाल्या का? काकू असत्या तर त्यांनी आधी खुर्च्यांचं बघितलं असतं.

मी तुषार. मूळचा नागपूरचा, इथे अमेरिकेत नऊ वर्षं झाली. कुमुद काकू आणि आम्ही एकाच कॉम्प्लेक्समध्ये राहतो. राहत होतो. मधे फक्त पार्किंग लॉट. त्या माझ्या नात्यातल्या कुणी नव्हेत. गेल्या शनिवारी सकाळी त्या गेल्या, आणि तेव्हापासून माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही.

स्मिताताई म्हणाली, आईबद्दल दोन शब्द बोल. मंडळी, माझं दोन शब्दांत भागणार नाही. मला एक कबुली द्यायची आहे. काल मी ताईला सगळं सांगितलं आणि विचारलं, हे लोकांसमोर बोलू का? ती म्हणाली, आईला चाललं असतं, बोल.

काकू कराड नगरपालिकेत तीस वर्षं नोकरीला होत्या. मतदार याद्या तपासणं हे त्यांचं काम. मेलेल्यांची नावं काढायची, नव्याने अठराचे झालेल्यांची घालायची. निवडणुकीच्या दिवशी बूथवर बसून लोकांच्या बोटाला शाई लावायची. रिटायर झाल्यावर त्या इथे स्मिताताईकडे आल्या, त्याला बारा वर्षं झाली. इथे आलेले बाकीचे आईवडील काय करतात? नातवंडं सांभाळतात, संध्याकाळी कॉम्प्लेक्सला चार चकरा मारतात. काकू टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावच्या पालिकेच्या, मीटिंगला जायच्या. दर महिन्याला. तिथल्या खुर्च्या कडक म्हणून घरची उशी घेऊन. तिथे कुणालाही उठून तीन मिनिटं बोलता येतं. काकू बोलायच्या. इंग्रजी आपल्यापेक्षा बरं, कारण वाक्यं छोटी. "आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही. मुलं चालतात. गाड्या जोरात येतात. तुम्ही काय करणार?" झालं. खाली बसायच्या.

तुम्हाला बसचं प्रकरण आठवत असेल. आपला कॉम्प्लेक्स शाळेच्या इतका जवळ आहे की मुलांना बस देणं शाळेवर बंधनकारक नाही. देतात ती मेहरबानी. तिचं नावच कर्टसी बसिंग. आणि ही मेहरबानी शाळेच्या बजेटमध्ये बसते की नाही, ते दर एप्रिलला लोक मत देऊन ठरवतात. लोक म्हणजे नागरिक. आपल्या कॉम्प्लेक्समध्ये बघा, कोणी एच-वन व्हिसावर, कोणी ग्रीन कार्डवर. मुलं आपली, टॅक्स आपला, रस्ता ओलांडायची धास्ती आपली. मत एकाचंही नाही.

काकू म्हणायच्या, "तुमचा प्रेसिडेंट तुम्ही निवडा की, मी मधे पडत नाही. पण माझ्या नातीच्या बसबद्दल मला विचारा. मी काय पाहुणी आहे होय?"

मी म्हणायचो, "काकू, तुम्ही सिटिझन का होत नाही?" त्या म्हणायच्या, "अरे, मी इथे राहते. राहणाऱ्या माणसाला आपल्या गल्लीत विचारायला काय हरकत आहे?" मग एकदा त्या कराडला जाऊन आल्या. तिथे बघतात तर यादीतून त्यांचं नाव गायब. शेरा होता, स्थलांतरित. त्यांच्याच जुन्या टेबलावरच्या पोराने कापलं होतं. परत आल्यावर मला म्हणाल्या, "बरोबर केलं त्याने. मी असते तर मीही कापलं असतं." पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. तिकडे स्थलांतरित म्हणून नाव गेलं, इकडे परदेशी म्हणून लागलं नाही. आयुष्यभर लोकांची नावं याद्यांत घालणारी बाई, तिचं नाव कुठेच नव्हतं. मला त्यांचा फार राग यायचा आणि फार प्रेमही वाटायचं, की ही बाई हे हसत हसत सांगते.

मग काकूंनी अर्ज काढला. न्यूयॉर्कमध्ये वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत शाळेच्या बोर्डाला पालक मत देऊ शकायचे, नागरिक नसले तरी. मेरिलँडमधल्या काही गावांत गावच्या निवडणुकीत अजून देतात. मग आपल्याकडे का नको? टाउनशिपने राज्याकडे शिफारस करावी, की गावातल्या रहिवाशांना निदान शाळेच्या निवडणुकीत मत असावं. रविवारच्या मराठी शाळेबाहेर टेबल टाकून काकू सह्या घ्यायच्या. नाव, पत्ता, सही. मी सही केली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी केली. ती अगदी कायदेशीर होती, घाबरू नका.

आता माझी गोष्ट.

दोन वर्षांपूर्वीची. त्याच महिन्यात मी ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायला गेलो. काउंटरवरच्या बाईने, तिथे सगळ्यांना विचारतात तसं, विचारलं, व्होटर रजिस्ट्रेशन करायचंय का? माझ्या डोक्यात काकूंचा अर्ज. मला वाटलं, हे त्याच्यातलंच काहीतरी. मी हो म्हटलं. तिने फॉर्म पुढे सरकवला. मी सही केली. मंडळी, मी चुका शोधायचा पगार घेतो, आणि तो फॉर्म मी वाचला नाही. मागे रांग होती, ईराला डे केअरमधून घ्यायचं होतं. वाचला नाही.

पुढचे दीड महिने मी कामासाठी ओहायोत होतो. त्या काळात टाउनशिपने काकूंना उत्तर दिलं, की हा राज्याचा विषय आहे, आम्ही नोंद घेतली आहे. म्हणजे नाही. मला ते कळलंच नाही. मी घरी आलो तर टपालात कार्ड. माझं नाव, माझा पत्ता, आणि मतदानाची जागा म्हणून ईराच्याच शाळेची जिम. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काकूंचा अर्ज मंजूर झाला.

हसा, हसा. मनीषाही हसली होती, म्हणजे माझी बायको. नंतर रडली.

एप्रिलमध्ये मी ऑफिसला जायच्या आधी जिममध्ये गेलो. बजेटला हो म्हटलं, बसला हो म्हटलं. आणि संध्याकाळी पेढे घेऊन काकूंकडे गेलो. म्हटलं, काकू, आपलं काम झालं. त्यांनी पेढा तोंडात घातला आणि विचारलं, कसलं काम? मी खिशातून कार्ड काढलं. काकूंनी चष्मा लावला. वाचलं. उलटं करून वाचलं. मग म्हणाल्या, "तुषार, तू मत दिलंस?" मी म्हटलं, हो. "अरे, आपला अर्ज फेटाळला रे." त्यांना तो पेढा गिळता येईना. मी त्यांना पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला समोर बसवून पत्र लिहून घेतलं, माझं नाव यादीतून काढा म्हणून. पोस्टातही स्वतः बरोबर आल्या. बजेट पास झालं. चांगल्या फरकाने झालं. माझ्या मताने काहीही बिघडलं नाही, काहीही सुधारलं नाही. काकूंनी आकडे दोनदा बघितले. मी किती वेळा बघितले, ते सांगत नाही.

मग दोन वर्षं काही झालं नाही. काही झालं नाही की आपल्याला वाटतं, संपलं.

या वर्षी ग्रीन कार्डला पाच वर्षं झाली. फेब्रुवारीत मी सिटिझनशिपचा फॉर्म भरायला घेतला. त्यात एक प्रश्न आहे. तुम्ही अमेरिकेत कधी मतदार म्हणून नाव नोंदवलंत का? त्याच्याखाली दुसरा. कधी मत दिलंत का? फेडरल, राज्य किंवा स्थानिक. स्थानिक हा शब्द मी किती वेळ बघत बसलो. दोन चौकोन, हो आणि नाही. हो लिहिलं तर अर्ज फेटाळू शकतात. नुसता अर्ज नाही, ग्रीन कार्डही. नुसतं माझं नाही, घरच उचलावं लागेल. ईरा इथे जन्मली, ती सेकंड ग्रेडला आहे, तिला नागपूर म्हणजे आजीचा झोपाळा एवढंच माहीत.

मी नाही लिहिलं. दोन्हीकडे नाही. आणि पाठवून दिलं. मनीषालाही सांगितलं नाही.

काकूंनी उन्हाळ्यात विचारलं. सहज विचारावं तसं, पार्किंगमध्ये. "फॉर्मात काय लिहिलंस रे?" मी सांगितलं. काकू मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तीस वर्षं मी याद्या तपासल्या. एक खोटं नाव जाऊ दिलं नाही. आणि तू माझ्या अर्जापायी खोटं लिहिलंस."

मग त्या मला इमिग्रेशनच्या एका वकीलबाईंकडे घेऊन गेल्या. मला घेऊन गेल्या, मी नाही गेलो. वकीलबाई म्हणाल्या, सिटिझनशिपच्या इंटरव्ह्यूला ऑफिसर हे प्रश्न तोंडी विचारतो. त्याने विचारायच्या आधी तुम्ही आपणहून दुरुस्त करा. कार्ड कसं आलं, मत का दिलं, सगळं सांगा. हा खरंच गैरसमज होता असं सांगणारं कुणी असेल तर त्याचं लेखी आणा, नोटरीच्या शिक्क्यासकट. मी विचारलं, मग सोडतात का? त्या म्हणाल्या, ऑफिसरवर आहे. मी विचारलं, त्या लायसन्सच्या फॉर्मवर नागरिक आहात का असा चौकोन होता, मी त्यात खूण केली का, मला आठवत नाही. वकीलबाईंनी ते वहीत लिहून त्याखाली रेघ मारली. मंडळी, मला अजून आठवत नाही. रोज आठवायचा प्रयत्न करतो. पेन कुठलं होतं ते आठवतं.

काकू म्हणाल्या, लेखी मी देते. वकीलबाईंनी त्यांना सावध केलं, तुम्ही स्वतः ग्रीन कार्डवर आहात, तुमच्या अर्जामुळे हा फसला असं लिहिलंत तर उद्या तुम्हालाही प्रश्न विचारतील. काकू म्हणाल्या, "मला कुठे पाठवतील? कराडलाच ना? तिथे माझी बहीण आहे."

आणि त्या पत्र लिहायला बसल्या. चार वेळा लिहिलं. दर वेळी एक शब्द बदलायच्या. मी मागे लागलो होतो, काकू, सही करा, बँकेत नोटरी असतो, जाऊन येऊ. त्या म्हणायच्या, थांब, सरकारी कागद आहे, एकदाच नीट होऊ दे. शेवटी ठरलं. सोमवारी सकाळी दहाला मी गाडी काढणार, नोटरीसमोर त्या सही करणार.

शनिवारी सकाळी स्मिताताईचा फोन आला. ती रडत होती. "तुषार, आई गेली." आता मी तुम्हाला सांगतो, मला पहिल्यांदा काय वाटलं. ताई, तुला काल सांगितलं, आज सगळ्यांसमोर सांगतो. मला पहिल्यांदा वाटलं, सही राहिली. काकू गेल्या, हे नंतर आलं. आधी सही आली. माणूस किती हलका असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तुमच्या घरी आलो, सगळे जमले होते, काकूंना खाली ठेवलं होतं, आणि माझी नजर टेबलाकडे जात होती, कागद कुठे आहे म्हणून. ताई, तूच तो माझ्या हातात दिलास. "तुझं काहीतरी आहे," म्हणालीस. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

अजून थोडं आहे. संपवतो.

रविवारी मी ते पत्र घेऊन किचनमध्ये बसलो. इंग्रजी पत्र, काकूंचं गोल अक्षर, खाली मोकळी जागा. काकूंची सही मी शंभरदा पाहिली आहे. एका जुन्या पाकिटावर मी ती करून बघितली. पहिली जमली नाही. तिसरी जमली. यार, चांगली जमली. नोटरीचं पुढे बघू, तारीख आधीची टाकू, असं माझं चाललं होतं. मनीषा मागे उभी होती, मला कळलं नाही. ती म्हणाली, "एक चूक न कळता केलीस, दुसरी घाबरून केलीस. ही कळून करणार आहेस का?" ईराने विचारलं, "बाबा, आर वी इन ट्रबल?" मी पाकीट फाडलं. तिला काय उत्तर दिलं, ते आठवत नाही.

परवा, गुरुवारी, नुअर्कला माझा इंटरव्ह्यू आहे. वकीलबाई म्हणाल्या होत्या, याबद्दल कुणाशी बोलू नका. मी शंभर माणसांसमोर बोलतोय. का बोलतोय?

कारण काकूंचे शेवटचे दोन महिने कशात गेले, हे तुमच्यातल्या कित्येकांना माहीत नाही. पत्र लिहिता लिहिता त्यांना एकच घोर लागला होता. "तुझ्यासारखे अजून किती असतील रे?" त्यांनी अर्जाची जुनी यादी काढली आणि एकेकाला फोन करायला लागल्या. जेवलात का, मुलं कशी आहेत, आणि मग, "तुला कधी मतदाराचं कार्ड आलंय का? आलं असेल तर वापरू नकोस. वापरलं असेल तर लपवू नकोस, मला सांग." काहींना वाटलं, काकूंना विसरायला झालंय. काहींनी घाईने फोन ठेवला. दोघांनी सांगितलं. मला त्यांची नावं माहीत नाहीत, काकूंनी मलाही सांगितली नाहीत.

यादी अर्धीच झाली. पुढच्या नावांना फोन गेलेले नाहीत. पुढच्या वर्षी मोठी इलेक्शन आहे. सगळीकडे टेबलं लागतील, लोक हसून फॉर्म पुढे करतील. आपल्याकडे मत देणं हे चांगल्या माणसाचं काम, आपण हो म्हणून टाकतो. म्हणून मी इथे उभा आहे. काकूंचं म्हणणं मला अजूनही पटतं. राहणाऱ्याला गल्लीत मत असावं. पण ते मागून घ्यायचं आहे, मिळेपर्यंत नाही म्हणायचं आहे, हे मला फार महागात कळतंय.

गुरुवारी मी ते पत्र नेणार आहे. बिनसहीचं. ऑफिसर म्हणेल, याला काही अर्थ नाही. म्हणू दे. लिहिणारी बाई वारली, म्हणून सांगेन. आणि त्याने विचारायच्या आत सांगेन, हो, नोंदवलं होतं. हो, मत दिलं होतं. फॉर्मात मी खोटं लिहिलं. पुढे काय होईल, मला माहीत नाही. मला भीती वाटते. आत्ता, इथे, तुमच्यासमोर वाटते आहे. काकू शेजारी बसल्या असत्या तर कमी वाटली असती, एवढंच.

यादी माझ्याकडे आहे. उरलेले फोन मी करेन, गुरुवारनंतर इथे असलो तर. नसलो तर मनीषा करेल. आज कुणी हात वर करू नका. कुणी माझ्याकडे बघूही नका.

आता आपण काकूंसाठी उभे राहू या. दोन मिनिटं. यात कोण सिटिझन आहे, कोण ग्रीन कार्डवर, कोण नुसता व्हिसावर, हे कुणी विचारणार नाही. काकूंना एवढंच हवं होतं, तेही वर्षातून एक दिवस.

उभे राहू या.